प्रार्थनेत ठेवलेला माणूस

आमच्या घरात फ्रिज यायला दोन उन्हाळे लागले, कारण आईने तो प्रार्थनेत ठेवला होता. पैसे होते, स्वयंपाकघरात कोपरा रिकामा होता, कोपऱ्यात प्लगही होता. पण "देवाची वेळ आली की येईल," असं म्हणत आई रोज नासणाऱ्या दुधाचं पनीर करायची आणि आम्हाला खाऊ घालायची. मी म्हणायचे, "आई, दूध रोज नासतंय. याहून स्पष्ट देवाने काय बोलायचं?" त्यावर ती म्हणायची, "लई शहाणी झालीस. देवाला शिकवायलीस." शेवटी शेजारणीने नवा फ्रिज घेतला आणि जुना आमच्या दारात आणून ठेवला. आई गहिवरून म्हणाली, "बघ, आली की नाही वेळ?" तो फ्रिज पाणी गाळतो, पण त्याबद्दल घरात बोलायचं नाही.

ख्रिस्ती घरात न वाढलेल्यांना सांगायला हवं, की "प्रार्थनेत ठेवलंय" हे आमच्यातलं फार सोयीचं वाक्य आहे. कोणी स्थळ आणलं, प्रार्थनेत ठेवलंय. घराला रंग द्यायचा, प्रार्थनेत ठेवलंय. या एका वाक्यात हो, नाही, बघू आणि तुम्हाला काय करायचंय, असं सगळं मावतं. कोणाचं मन दुखावत नाही आणि आपल्याला जागचं हलावंही लागत नाही.

गैरसमज नको. मी प्रार्थनेची थट्टा करत नाही. बाबा गेले त्या वर्षी आम्ही दोघी मायलेकी प्रार्थनेवरच तगलो, दुसरं काही हाताशी नव्हतं. माझी तक्रार देवाबद्दल कधीच नव्हती. त्याच्या दारात सामान ठेवून जाणाऱ्या आणि परत न्यायला न येणाऱ्या माणसांबद्दल होती.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, भोसरीत एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. रविवार सोडून इतर दिवशी खाली पाइप कापायचं मशीन चालतं, वर सभा चालते. उपदेश करताना पाळकसाहेबांनी आवाज चढवला की मशीनही चढवतं. माणसं सगळी जालना, नगर, बीड, सोलापूर इकडची, कंपन्यांमध्ये पोटासाठी आलेली. एमआयडीसीत बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारची, त्यामुळे रविवारी निम्मी मंडळी शिफ्टवर. म्हणून आमच्याकडे आठवड्याला दोन रविवार असतात, एक कॅलेंडरचा आणि एक कंपनीचा. घरसभा, प्रीतिभोजनं, निरोप आणि भांडणं ही सगळी गुरुवारी ठेवतात. माझी चाकणची कंपनी मात्र उलटी, रविवारी बंद आणि गुरुवारी चालू. त्यामुळे दर गुरुवारी मी शिफ्ट संपवून मोशीच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होत थेट युनिफॉर्मवर सभेत घुसायचे.

कंपनीत माझं काम तपासणीचं. टेबलावर माल येतो, मापाचं गेज लावायचं, बसला तर हिरव्या क्रेटमध्ये, नाही बसला तर लाल. एक पिवळा क्रेटही असतो. ज्या मालाचं काय करायचं ते कोणी ठरवलेलं नाही, तो पिवळ्यात. पिवळ्यातल्या मालाला वाईट कोणी म्हणत नाही, पण तो पडून पडून गंजतो आणि मग आपोआप लाल होतो. मी तेव्हा चौतिशीला आले होते आणि नातेवाइकांच्या मते गेली काही वर्षं पिवळ्या क्रेटमध्येच होते.

माझ्या लग्नाचं खातं आईकडे होतं. तिच्याकडे बायबलच्या वचनांची एक प्लास्टिकची डबी आहे, आत गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. रोज सकाळी माझ्या नावाने एक काढायची. डबीतल्या निम्म्या चिठ्ठ्या धीर धरण्याबद्दलच्या आहेत, बनवणाऱ्याने मालच तसा भरलाय, तर निघणार काय? आई चिठ्ठी वाचून माझ्याकडे अर्थपूर्ण बघायची आणि मी डबा भरून बस पकडायला पळायचे.

आता त्या माणसाविषयी.

तो आमच्या मंडळीत ढोलकी वाजवायचा. नगरकडचा, एका कंपनीत मेंटेनन्सला, माझ्याहून थोडा मोठा आणि बिनलग्नाचा. ढोलकीवर हात इतका पक्का की पाळकसाहेब गाण्यात कुठेही भरकटले तरी हा त्यांना हाताला धरून समेवर आणायचा. ढोलकी सोडली तर मात्र जगात याच्याइतका सावकाश माणूस मी पाहिला नाही. हॉलमधला पंखा खडखडायला लागला, तेव्हा हा शिडी घेऊन आला, शिडीवर चढला आणि वरून सगळ्यांना विचारू लागला, गेल्या आठवड्यात आवाज कसा होता, त्याच्या आधी कसा होता, वारा कमी येतो की तेवढाच? मग खाली उतरून म्हणाला, "अजून एक आठवडा ऐकू." आम्ही ऐकला. पंखा दुरुस्त झाला तो थंडीत.

तरीही तो मला आवडला. कधीपासून, तेही सांगते. आईला चिकुनगुनिया झाला होता, पाणी एक दिवसाआड यायचं, आणि नेमक्या पाण्याच्या दिवशी सोसायटीची मोटर जळली. मी कामावर. हा तब्येत विचारायला आला होता. त्याने कोणाला काही न विचारता खालून तीन मजले पाणी वाहिलं, पिंपं भरली, आईला पेज करून दिली आणि मी घरी आले तेव्हा तो भिजलेल्या पँटने चपला घालत होता. "येतो ताई," एवढंच म्हणाला. म्हणजे माणूस न विचारता काही करू शकत होता, हे मला त्या दिवशी कळलं. आणि मंडळीच्या रिवाजाप्रमाणे तो मला ताई म्हणतो, याचा राग पहिल्यांदा आला.

त्यालाही माझ्याबद्दल काही वाटतं, असा मला दाट संशय होता. मी बोलायला उभी राहिले की तो ढोलकीच्या दोऱ्या ताणायला घ्यायचा, आणि त्या आधीच ताणलेल्या असायच्या. हा संशय मला एकटीलाच होता असंही नाही. आमच्या पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांची बायको, फार तिखट डोळ्यांची बाई. आमच्या घरी घरसभा होती त्या गुरुवारी तिने दोघादोघांनी एकमेकांसाठी प्रार्थना करायची असं ठरवलं आणि जोड्या लावताना भोळ्या चेहऱ्याने मला त्याच्यासमोर बसवलं.

आधी आपापली विनंती सांगायची असते. कोणाची गुडघेदुखी, कोणाच्या मुलाची दहावी. जे चारचौघांत सांगता येत नाही, त्याला आम्ही "मनातली विनंती" म्हणतो. तेवढं म्हटलं की कोणी खोदून विचारत नाही, सभा संपल्यावर स्वयंपाकघरात विचारतात. मी म्हणाले, "माझी मनातली विनंती आहे." तो म्हणाला, "माझीही मनातलीच." पाळकबाईला अचानक खोकला आला.

मग त्याने डोळे घट्ट मिटून माझ्यासाठी प्रार्थना केली. "हे प्रभू, ताईंच्या मनात जे काही असेल, ते जर तुझ्या इच्छेत असेल, आणि जर त्यांच्या हिताचं असेल, तर तुझ्या योग्य वेळी, तुला योग्य वाटेल त्या मार्गाने, त्यांना मिळो." इतक्या अटी तर बँकही घालत नाही. मी एक डोळा उघडून पाहिलं, समोर माझी मनातली विनंती मांडी घालून बसली होती आणि माझ्या मनातल्या विनंतीसाठी कळवळून मागत होती. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "प्रभू, यांच्या मनात जे असेल ते यांना लवकर दे." लवकर हा शब्द मी जरा जोरात म्हणाले. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "हळू गं, देव बहिरा नाही."

एवढं असून मी स्वतः का नाही बोलले, असं तुम्ही विचाराल. मी तरी कुठे मोठी शूर लागून गेले होते? कंपनीत साहेबाच्या तोंडावर लॉट रिजेक्ट करणारी मी, इथे मात्र आईसारखीच बसून होते. मुलीने विचारायचं नसतं, हे कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही, पण पाठ सगळ्यांना असतं. शिवाय मला खात्री हवी होती. आज बोलू, उद्या बोलू, नाताळानंतर बोलू, ईस्टर होऊ दे. मी त्याला नाव दिलं होतं योग्य वेळ. तिचा पत्ता मलाही माहीत नव्हता.

मग त्याची बदली झाली, आणि ती कशी झाली ते ऐकण्यासारखं आहे. त्याच्या कंपनीचा नवा प्लांट गुजरातमध्ये उभा राहत होता. एचआरचा साहेब उत्तरेकडचा. त्याने याला बोलावून विचारलं, "गुजरात जाओगे? नाम डाल दूँ?" आपला माणूस सवयीने म्हणाला, "सर, प्रार्थना में रखता हूँ." साहेबाने बापड्याने याआधी असा नकार ऐकलेला नव्हता, असा होकारही नव्हता. त्याने विचार केला असेल, माणूस जायच्या आधी देवाचं नाव घेतोय, म्हणजे निघालाच. त्याने नाव टाकलं. आठवड्यात ऑर्डर हातात. याने जाऊन सांगायला हवं होतं की साहेब, मी हो म्हटलेलंच नाही. पण हा म्हणाला, मी मागितलं नाही, नाकारलं नाही, तरी घडलं, म्हणजे ही देवाचीच इच्छा.

मला हे रविवारी उपासनेत, सूचनांच्या वेळी कळलं. महिला मंडळाची सभा बुधवारी होईल, पायपुसणी धुवायला टाकली आहेत, आणि आपले बंधू या शनिवारी गुजरातला जात आहेत, गुरुवारी संध्याकाळी निरोप आणि प्रीतिभोजन. पायपुसण्यांनंतर हे! माझ्या कानात पाइप कापायचं मशीन सुरू झालं, आणि रविवारी खालचं दुकान बंद असतं.

तो आठवडा मी कसा काढला विचारू नका. टेबलावर आलेला चांगला माल दोनदा लाल क्रेटमध्ये टाकला आणि सुपरवायझरने विचारलं, "मॅडम, घरी सगळं ठीक ना?" रात्री मी देवाशी भांडले. म्हटलं, तू त्याला एचआरच्या तोंडून गुजरातला पाठवू शकतोस, मग माझं नाव त्याच्या कानात घालायला तुला कोणी अडवलंय? आईने सकाळी चिठ्ठी काढली. धीर धरण्याबद्दलची निघाली.

गुरुवारी मी रजा टाकली, हिरवी साडी नेसले आणि आईबरोबर हॉलवर गेले. आईने खिरीचं पातेलं मांडीवर धरून रिक्षात बसकण मारली होती. कोंबडीचा रस्सा आणि भात मागच्या खोलीत शिजत होता. मी ठरवून आले होते की याला एकट्याला गाठायचं आणि बोलायचं. पण निरोपाच्या दिवशी माणूस एकटा सापडत नाही. कोणी त्याच्याबरोबर फोटो काढत होतं, कोणी त्याच्या खिशात लोणच्याची बरणी कोंबत होतं. मी रस्सा ढवळत राहिले.

निरोप घेणाऱ्याने साक्ष द्यायची, म्हणजे देवाने आपल्याला कसं चालवलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, असा आमचा रिवाज. तो उभा राहिला. ढोलकी हातात नव्हती, त्यामुळे हातांचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं.

तो म्हणाला, "मी गेलं वर्षभर देवाला एका गोष्टीबद्दल विचारत होतो. एका व्यक्तीबद्दल. लग्नाबद्दल."

हॉलमधल्या सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या.

"मी देवाकडे खूण मागितली. म्हटलं, गुरुवारच्या सभेला ती व्यक्ती निळ्या कपड्यात आली, तर ही तुझी इच्छा. ती निळ्यात आली. पण नंतर माझ्या लक्षात आलं की तिच्या कंपनीचा युनिफॉर्मच निळा. मग ती खूण कशी धरायची? म्हणून मी म्हटलं, रविवारी पिवळं. तर तिने पिवळं घातलं. पण त्या दिवशी पिवळं आणखी एकीने घातलं होतं. मग म्हटलं, तिने आपण होऊन मला चहा विचारावा. तिने विचारला. पण ती सगळ्यांनाच विचारते."

तो असाच पुढे बोलत राहिला. एकामागून एक खुणा देवाने पाठवल्या होत्या आणि याने प्रत्येकीत काही ना काही दोष काढून ती परत केली होती. मी आयुष्यात इतका कडक इन्स्पेक्टर पाहिला नाही. शेवटी तो म्हणाला, "स्पष्ट खूण मिळाली नाही. मग बदली आली. मी समजलो, ते दार देवाने बंद केलं. मी समाधानाने जातोय." समाधानाने म्हणताना त्याचा आवाज फाटला.

मी मागच्या खोलीच्या दारात डाव घेऊन उभी होते. निळा युनिफॉर्म माझा. पिवळा ड्रेस माझ्याकडे होता. चहा मी विचारते. आनंदाने मला ओरडावंसं वाटलं, आणि रागाने तो डाव त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण पुढच्याच क्षणी माझी नजर खुर्च्यांवरून फिरली. पाळकसाहेबांची भाची तिसऱ्या रांगेत बसली होती. तळेगावच्या दवाखान्यात नोकरीला, दिसायला गोड, आवाज त्याहून गोड. तिचाही युनिफॉर्म निळा. त्या रविवारी पिवळ्यात तीही होती. आणि चहाचा ट्रे तर मंडळीत तिच्याच हातात असतो. ती खाली मान घालून लाजत होती. ती स्वतःसाठी लाजत होती की त्याच्यासाठी, मला काही कळेना.

म्हणजे खात्री नव्हतीच. शेवटच्या दिवशी, शेवटच्या घटकेला, खात्री पन्नास टक्क्यांवर येऊन थांबली होती.

तेवढ्यात पाळकबाई उठली आणि माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आता प्रवासासाठी प्रार्थना ही करेल." पाळकसाहेब म्हणाले, "अगं, निरोपाची प्रार्थना मी करतो ना नेहमी." ती म्हणाली, "तुमचा घसा बसलाय." घसा चांगला खणखणीत होता, पण पाळकसाहेबांनी इतकी वर्षं संसार केलाय, ते गप्प खाली बसले.

त्याला पुढे खुर्चीवर बसवलं. मी त्याच्या मागे उभी राहिले. अशा वेळी डोक्यावर हात ठेवतात, मला तेवढा धीर झाला नाही, मी खुर्चीच्या पाठीवर ठेवला. सगळ्यांनी डोळे मिटले. हातातला डाव खाली ठेवायचा राहिला होता, तो तसाच पदराआड धरला.

"हे स्वर्गीय पित्या," मी सुरुवात केली, "तुझे आभार मानते. यांना प्रवासात सांभाळ. तिथलं पाणी जड आहे म्हणतात, पोट सांभाळ. चांगली खोली मिळू दे, चांगला मेसवाला मिळू दे." इथपर्यंत रीतीप्रमाणे होतं. मग मला पुढचं काही सुचेना. मेसवाल्यानंतर काय मागतात? कोणी तरी "होय प्रभू" म्हणून मला धीर दिला. मला वाटलं, आता थांबले तर हे माझ्याच्याने पुन्हा कधी होणार नाही.

"आणि प्रभू, खरं सांगायचं तर हे जावेत असं मला वाटत नाही. गेलेच तर एकटे जाऊ नयेत. मला यांच्याशी लग्न करायचं आहे. हे मी तुला वर्षभर सांगतेय आणि तू यांना काही सांगितलेलं दिसत नाही, म्हणून आज यांच्यासमोर सांगते. ती निळ्या कपड्यातली मी असले तर चांगलंच आहे. नसले, तर पुढच्या रविवारी याच हॉलमध्ये मान वर करून यायची ताकद मला दे, कारण मला दुसरी मंडळी नाही. येशूच्या नावाने मागते."

आमेन म्हणायचं होतं, पण ते राहूनच गेलं. मी म्हटलं नाही, म्हणून कोणीच म्हटलं नाही. खाली मशीनही नेमकं तेव्हाच थांबलं. मी डोळे उघडले, तर हॉलमधले सगळे डोळे आधीच उघडे होते. आईने तोंडावर पदर धरला होता आणि पदरावरून माझ्याकडे असं बघत होती, की ही पोरगी कोणाची?

तो खुर्चीत वळला. चेहरा पांढराफटक. "ताई..." तो म्हणाला.

मंडळीतले सगळ्यात जुने आजोबा, देहूरोडच्या डेपोतून रिटायर झालेले, मागच्या रांगेतून ओरडले, "आरं, आता तरी ताई म्हनू नको!"

"नाही, म्हणजे..." तो चाचरला. "मी जरा यावर प्रार्थना करून सांगतो."

त्या क्षणापर्यंत मी घाबरलेली होते. ते वाक्य ऐकलं आणि भीती कुठल्या कुठे गेली, डोक्यात नुसता जाळ उठला. मी म्हणाले, "प्रार्थना चालूच आहे. मी अजून संपवलेली नाही. देव इथेच आहे. खोलीवर जाऊन त्याला वेगळं काय विचारणार आहात?"

त्याने खाली पाहिलं. त्याचे हात मांडीवर नसलेल्या ढोलकीच्या दोऱ्या ताणत होते. तो म्हणाला, अगदी हळू, "मला भीती वाटते. मला जे हवंय ते देवालाही हवंय, अशी मी स्वतःची समजूत करून घेईन, याची. म्हणून मी पुन्हा पुन्हा विचारत राहिलो."

"मलाही वाटते," मी म्हणाले. आणि वाटतच होती. "चूकही असेल. चुकत असेल तर दार बंद करायला त्याला कितीसा वेळ लागतो? पण आधी आपण दारापर्यंत तरी जायला हवं ना."

हे मी कुठून बोलले मला माहीत नाही. पाळकसाहेबांनी नंतर ते आपल्या उपदेशात वापरलं, माझं नाव न घेता.

तो उठून उभा राहिला. मला वाटलं आता वर बघेल, पंख्याकडे, छताकडे, आणखी एखादी खूण मागेल. त्याने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत सरळ माझ्याकडे पाहताना मी त्याला पहिल्यांदा पाहत होते. "निळ्या कपड्यातली तुम्हीच होता," तो म्हणाला. मग डोळे मिटून, मोठ्याने, एकट्याने म्हणाला, "आमेन."

मग काय विचारता! सगळ्या हॉलने आमेन म्हटलं, आजोबांनी तीनदा म्हटलं, भाचीने मला येऊन मिठी मारली आणि कानात म्हणाली, "मला तर गेल्या वर्षीपासून माहीत होतं." पाळकबाई पदराने डोळे पुसत स्वयंपाकाच्या खोलीकडे गेली आणि तिथून ओरडली, "कोणी तरी रस्सा ढवळा, खाली लागला!" तो ढवळायचं काम माझं होतं, डाव माझ्याच हातात होता.

देवाकडून खूण अशी काही आली नाही. बदली तशीच होती, माझी नोकरी चाकणला, आई इथे, खोली तिथे, काहीच ठरलेलं नव्हतं. मी एवढंच म्हणेन, की करपलेला रस्सा मी इतक्या आनंदाने कधी वाढला नव्हता.

जेवायला आम्हाला शेजारी बसवलं. त्याच्यापुढे नवीन अडचण उभी राहिली, की मला हाक काय मारायची. ताई तर गेलं. त्याने बराच विचार केला आणि शेवटी म्हणाला, "अहो, मीठ."

मी मीठ दिलं आणि जे विचारायला नको होतं ते विचारलं. "मी आज बोलले नसते, तर तुम्ही बोलला असता?"

त्याला खोटं बोलता येत नाही. त्याने भात कालवता कालवता हात थांबवला.

"नाही," तो म्हणाला. "परवाच्या गाडीने गेलो असतो. आणि कोणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं की देवाची इच्छा नव्हती."

"आणि ते तुम्हाला खरं वाटलं असतं?"

"हो," तो म्हणाला. "अगदी मनापासून."

इतका वेळ न आलेलं रडू मला तेव्हा आलं. समोर बसलेल्या आईला वाटलं रस्सा तिखट झाला, तिने खिरीची वाटी माझ्याकडे सरकवली.